बंदराची मंजूर खोली

राष्ट्र किती लहान आहे हे नकाशावरून कळतं. ते किती मोठं आहे हे मात्र त्याच्या जहाजावरूनच कळतं. सेंट ल्युबिन हे बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकोणीस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या, ख्रिसमसला परदेशातून येणारे नातेवाईक धरून, एकतीस हजार. तटरक्षक दलाकडे अकरा मीटरची एकच होडी आहे, हे बेटावर कोणालाच कधी खुपलं नव्हतं. शेजारच्या बेटाने चाळीस मीटरचं जहाज घेतलं आणि त्याच आठवड्यात ते सगळ्यांना खुपू लागलं.

या होडीचा तांडेल अल्फियस टूसां. सव्वीस वर्षांत त्याने समुद्रातून दोनशे बारा माणसं, नऊ बकऱ्या आणि एक बिशप बाहेर काढले होते. (बकऱ्यांनी त्यातल्या त्यात कमी सूचना केल्या.)

लवकरच एका मित्रराष्ट्राने बासष्ट मीटरचं गस्ती जहाज भेट द्यायचं ठरवलं. (या मैत्रीखातर आपण जागतिक सभेत हात वर करतो. कशासाठी, ते हात वर झाल्यावर कळवलं जातं.) त्यांनी एकच गोष्ट विचारली: तुमच्या बंदराची खोली किती?

अल्फियसने शिशाचं वजन बांधलेली दोरी घेऊन तीन दिवस मोजमाप केलं आणि आकडा सचिव मिस्टर लिव्हरपूल यांच्यासमोर ठेवला. ऐन उधाणाच्या भरतीला तीन मीटर साठ सेंटिमीटर.

"शेजाऱ्यांची किती?" सचिवांनी विचारलं.

"साडेचार, साहेब."

"मग आपलीच कमी कशी?"

"बंदर मी नाही खणलेलं, साहेब."

"टूसां, तू बरोबर मोजलंस. पण देशाच्या बाजूने नाही मोजलंस."

विषय मंत्रिमंडळापुढे गेला. सविस्तर चर्चेअंती बंदराची खोली पाच मीटर मंजूर झाली. (समुद्राला तसं कळवणं कोणत्या खात्याकडे, याचा ठरावात उल्लेख नव्हता.)

जहाज आलं. 'अखंड दक्षता' हे त्याचं नाव. ते दुसऱ्या जहाजामागे दोराने बांधून, रिकाम्या टाक्यांनिशी आणलं होतं. रिकामं असताना त्याचा साडेतीन मीटर भाग पाण्याखाली असे, त्यामुळे ते धक्क्याला व्यवस्थित लागलं. मग त्यात एकशे दहा टन डिझेल भरलं. तरंगण्याचे नियम या बेटालाही लागू असल्यामुळे जहाज बावीस सेंटिमीटर आणखी खाली जायला निघालं आणि दहाव्या सेंटिमीटरला चिखलात बसलं. थोडक्यात, डिझेल नसताना ते तरंगायचं पण चालू शकत नव्हतं. डिझेल असताना चालू शकत होतं पण तरंगत नव्हतं. दोन्ही स्थितींत ते धक्क्यावरून अतिशय देखणं दिसायचं. टाकी अर्धी ठेवावी असं अल्फियसने सुचवलं. परंतु टाकी पूर्ण भरल्याशिवाय इंजिन सुरू केल्यास हमी रद्द होते, असं हमीपत्रात कलम होतं.

जुनी होडी निवृत्त करण्यात आली. धक्क्यावर सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून तिच्यात माती भरली, क्रोटनची झाडं लावली आणि तिचं स्मारक केलं. अल्फियसला 'दोरखंड अधिकारी' अशी बढती मिळाली. दर रविवारी चर्चनंतर तो झाडांना पाणी घालायचा, उरलेलं पाणी थंडाव्यासाठी इंजिनाला घालून ते पाच मिनिटं चालवायचा. (स्मारकाचं इंजिन चालवू नये, असा नियम अद्याप झालेला नाही.)

समारंभाच्या दिवशी सगळं मंत्रिमंडळ जहाजावर होतं. पंतप्रधान म्हणाले, "आजपासून 'अखंड दक्षता' आपल्या प्रत्येक नागरिकापर्यंत पोहोचेल." टाळ्या चालू असतानाच अल्फियसचा फोन वाजला. बायकोचा भाऊ ओझी, मच्छीमार.

"कॅप, कुठेयस?"

"समारंभात. हळू बोल."

"माझं इंजिन बसलं रे. प्रवाह पश्चिमेला ओढतोय. दोन तासांत खडकांवर जाईन. पण मी निवांत आहे, मला तुझं जहाज दिसतंय! काय पताका, काय थाट! येतंय ना?"

अल्फियस टाळ्यांपासून दूर सरकला.

"कॅप, हलत नाहीये ते."

"नाही हलणार."

"का?"

"खोली मंजूर झालीय, अजून आलेली नाही."

"हे बघ, मला पोहता येत नाही, हे फक्त तुला माहितीय. आणि तुझ्या लग्नात मी तीन बकऱ्या दिल्यात."

"दोन."

"तिसरी वाटेत पळाली, तो माझा दोष?"

अल्फियसने सचिवांना गाठलं. जहाज बारा सेंटिमीटर वर यायला साठ टन वजन उतरवावं लागणार होतं. पुढील क्रमाने ते उतरवण्यात आलं: ब्रास बँड, ऐंशी खुर्च्या, रममध्ये मुरवलेला काळा केक, मंत्रिमंडळ, विरोधी पक्षनेते (वजन नगण्य). एकूण साडेपाच टन. उरलेल्या अकरा सेंटिमीटरसाठी धक्क्यावरच समिती नेमली गेली.

"साहेब, जहाजाची क्रेन चालते?" अल्फियसने विचारलं.

"सगळं चालतं, टूसां. जहाज सोडून."

मग त्याने क्रेनने ठोकळ्यांवरची होडी उचलली, झाडांसकट, आणि पाण्यात सोडली. जहाज चिखलात घट्ट रुतलेलं असल्यामुळे क्रेन तसूभरही डुलली नाही. इतकी स्थिर क्रेन जगातल्या कुठल्याच जहाजावर नसावी. एकशे दहा टनांतून दोन बादल्या डिझेल घेऊन, क्रोटन हलवत होडी बंदराबाहेर पडली.

ओझी खडकांपासून हाकेच्या अंतरावर सापडला. दोन झाडांच्या मध्ये अंग चोरून बसत तो म्हणाला, "बाग कशाला आणलीस? मोठं का नाही आणलंस?"

"उतरतोस का?"

"तसं नाही रे. पण शेजारच्या बेटावर साध्या माणसालाही मोठं येतं."

संध्याकाळी फॉर्म भरण्यात आला. 'सुटका कोणी केली' या रकान्यात अल्फियसने होडीचं नाव लिहिलं. स्मारकाला कोणाची सुटका करण्याचे अधिकार नसल्यामुळे सचिवांनी ते हळुवारपणे खोडलं आणि वर 'अखंड दक्षता' असं लिहिलं. जहाजाचा पहिल्या दिवसाचा अहवाल असा: यश शंभर टक्के, कापलेलं अंतर शून्य, डिझेल दोन बादल्या. एवढी काटकसर बेटाने कधी पाहिली नव्हती. मंत्रिमंडळाने तत्काळ नव्वद मीटरचं दुसरं जहाज मागवलं आणि बंदराची खोली आठ मीटर मंजूर केली. होडी परत ठोकळ्यांवर गेली. ओझीने मोठ्या जहाजापुढे उभं राहून फोटो काढला. तो त्याच्या दिवाणखान्यात आहे.

होडीला नाव होतं. अल्फियस ते दर वर्षी स्वतःच्या हाताने रंगवायचा, आणि फॉर्मवर खोडलेल्या शाईखाली ते अजूनही नीट वाचता येतं. या कथेत मोठ्या जहाजाचं नाव तीन वेळा आलं आहे, होडीचं एकदाही नाही. एकाही वाचकाने ते विचारल्याची नोंद नाही.