लिदीची वाट

घोडीने सकाळचा चारा हुंगूनही पाहिला नाही आणि मान वळवून ती सारखी स्वतःच्या पोटाकडे बघू लागली, तेव्हा घोडेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरी आता ही घोडीच काय ती उरली होती. जनावरांचे डॉक्टर इंजेक्शन देऊन म्हणाले, "पोट धरलंय. लोळू देऊ नका, चालवत राहा. लीद टाकली की जिंकलो. नाही टाकली तर... बघू."

गल्लीतून तिसरी फेरी झाली तेव्हा शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच घोडेवाल्याशी बोलत होता.

"काका, काही हरवलंय का?"

"लीद."

"आँ?"

कारण कळल्यावर शिंप्याने दोर हातात घेतला. "तुम्ही जरा टेका."

पाचव्या फेरीला निवृत्त मास्तर सामील झाले. त्यांनी घोडीला "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून खडसावलं आणि शेपटीवर नजर ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं. शेपटी हलली की सगळे श्वास रोखायचे. "माशी होती," मास्तर जाहीर करायचे, आणि सगळे हळहळायचे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आजवर "घोडी बाजूला घ्या" यापलीकडे शब्द खर्चला नव्हता. त्याही खिडकीतून विचारू लागल्या, "झालं का हो?"

घोडेवाला घसा बसेपर्यंत बोलला. घोडीच्या आईबद्दल बोलला, मग बायकोबद्दलही बोलला. मास्तर "मग?" म्हणत राहिले.

दुपार कलताना तो घोडीला पाणी पाजायला एकटाच मागच्या बोळात गेला. तिथे तिने शेपूट उचललं. चांगला ढीगभर! मग जणू काही झालंच नाही अशा थाटात ती भिंतीकडेचं गवत खाऊ लागली. घोडेवाला तिच्या मानेला मिठी मारून रडला. त्याने दबक्या आवाजात डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, गल्लीतल्या मदतीसकट.

"सुटलात," डॉक्टर म्हणाले. "तिला आराम द्या. आणि त्या मंडळींना घरी जाऊ द्या आता."

घरी! शिंपी मशीनवर, मास्तर पेपरात, आणि तो स्वतः पुन्हा एकटा आपल्या खोलीत. घोडेवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पायाने लिदीवर पालापाचोळा ओढला.

"काका, झालं का?" कोपऱ्यावरून शिंप्याची हाक आली.

"अजून नाही!"

डोक्यावर बोळाकडची खिडकी करकरली. वरच्या बाई तिथे कधीपासून उभ्या होत्या, कोण जाणे. घोडेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी पालापाचोळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"एवढ्यात नाही व्हायचं तिचं!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "घोडीला दारात बांधा आणि सगळे वर या. चहा टाकते."