मिस्त्रींनी घरातली यंत्रं बाहेर काढली

स्वयंपाकघरात मिक्सर घुरघुरला आणि मिस्त्री चहाचा कप घेऊन जिन्यात जाऊन उभे राहिले. आत वाटण बारीक होत होतं, बाहेर मिस्त्री कपावर फुंकर घालत पायऱ्या मोजत होते. घुरघुर थांबली, दार किलकिलं झालं आणि बायकोचं डोकं बाहेर आलं.

“झालं वाटून. या आत.”

“पातं पूर्ण थांबलंय ना? फिरत असेल तोवर चुंबकी फील्ड असतं.”

“पातं थांबलंय, मी थांबलेय, तुमचा चहा थांबून थांबून गार झालाय. या.”

ज्या माणसाने पंधरा वर्षं मिक्सर, पंखे आणि धुण्याची मशीन मांडीवर घेऊन बरी केली, त्याने आपल्याच घरच्या मिक्सरला भिऊन जिन्यात उभं राहावं, हे पाहून शेजारपाजारचे चकित होत. कोपऱ्यावरच्या दुकानात मिस्त्री जळकी मोटर नुसती हुंगत आणि सांगत, कार्बन झिजलाय की वाइंडिंग गेलंय. त्यांचं नाक चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं. आणि हा आत्मविश्वास मिस्त्री दुकान बंद करताना आत ठेवून येत नसत, तो घरीही घेऊन येत.

गोष्ट अशी होती की लग्नाला सहा वर्षं झाली होती. घरात तिसऱ्या माणसाची वाट पाहता पाहता दोघांनी वाट पाहण्याबद्दल बोलणं सोडलं होतं. मग एक दिवस बायकोच म्हणाली, दोघंही तपासून घेऊ. तिच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. मिस्त्रींच्या कागदावर शुक्राणूंचा आकडा हवा त्यापेक्षा कमी होता. फार नाही, थोडा. पण थोडा कमी म्हणजे किती कमी, हे ज्याचं असतं त्यालाच कळतं.

मिस्त्रींनी डॉक्टरबाईंना थेट विचारलं, मी दिवसभर मोटरी मांडीवर घेऊन बसतो, त्या चुंबकी लहरींनी हे झालं का? डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. प्रयोगशाळेत उंदरांवर काही अभ्यास झालेत, कुणी म्हणतं परिणाम होतो, कुणी म्हणतं नाही. घरातल्या यंत्रांबद्दल ठामपणे सांगावं असं काही हाती नाही. तंबाखू सोडा, गरम वस्तू मांडीवर घेऊ नका, पुरेसं झोपा. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.

एवढ्या मोठ्या उत्तरातून मिस्त्रींनी उंदीर तेवढा घरी आणला.

तंबाखू त्यांनी त्याच दिवशी सोडली. मग मापक करायला बसले. एका निकामी मशीनमधला चुंबक ओळखणारा सेन्सर काढला, त्याला एक पिपाणी जोडली, आणि सगळं साबणाच्या डबीत बसवलं. दुकानातल्या लाकडी टेबलावर डबी मुकी राहिली. चालत्या पंख्याच्या मोटरीजवळ सरकवली तशी टीं करून ओरडली. मिस्त्रींना इतकं पुरे होतं. डबी घेऊन ते घरी आले, कमरेच्या उंचीवर धरली आणि खोल्या फिरू लागले.

“एवढी खाली का धरलीय?” बायकोने विचारलं.

“मोजायचं ते ज्या उंचीवर मोजायला हवं तिथेच मोजायचं.”

डबी मिक्सरपाशी ओरडली. मिक्सर दुकानात गेला. डबी धुण्याच्या मशीनपाशी ओरडली. तीही गेली. मग टीव्ही, मग इस्त्री, मग छताचा पंखा. दर वेळी मिस्त्री पुन्हा मोजत आणि डबी पुन्हा ओरडे. मिस्त्री डगमगले नाहीत. बिघाड सापडत नाही म्हणजे अजून पुरतं उघडलेलं नाही, हे त्यांच्या धंद्याचं सूत्र होतं. शेवटी उरला फ्रिज. दुकानात जागा नव्हती, म्हणून तो खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे पाठवला. मावशी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि एकट्या राहत. त्यांनी फ्रिज चार दिवसांसाठी ठेवून घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी त्यात बर्फ लावला.

वर बायको मोरीत बसून कपडे घासू लागली. तिला हातांच्या ठेक्यावर शब्द सुचायचे. चादर आपटता आपटता ती भिंतीला ऐकवायची:

“पंखा गेला, फ्रिज गेला, गेली मशीन धुण्याची,
एक मीच उरले घरात, सोय नाही बंद करण्याची.”

मिस्त्रींना ऐकू येई. ते डबी जरा आणखी घट्ट धरत.

दुकानात तर मोटरीच मोटरी. त्यांच्या लहरी अडवायला मिस्त्रींनी जुन्या ओव्हनचा पत्र्याचा ट्रे दोरीने कमरेला बांधला आणि उभ्यानेच काम सुरू केलं. ट्रे उजव्या मांडीला सारखा चिकटायचा, ते त्यांनी घामावर ढकललं. गिऱ्हाईक ट्रेकडे बघे, मिस्त्री कारण सांगत, आणि कारण गल्लीभर फिरे. आठवड्याभरात त्याला पाय फुटले. गल्लीतल्या पुरुषांनी घरची इस्त्री सोडली, मिक्सर सोडला, मशीनमध्ये कपडे टाकणं सोडलं. फील्ड असतं, मिस्त्री सांगत होते, असं म्हणून ते वर्तमानपत्र उघडत. समोरच्या शिंप्याला तीन मुलं होती आणि चौथं वाटेवर होतं, तरी त्यानेही कुकरची शिट्टी बंद करायला उठणं धोक्याचं ठरवलं. कुकर गॅसवर असतो, असं त्याच्या बायकोने म्हटल्यावर तो म्हणाला, पण मिक्सरच्या शेजारी असतो ना.

बायका दुकानावर आल्या. आल्या त्या दुरुस्तीला नाही, हिशेब विचारायला. शिंपीण म्हणाली, “दादा, तुमच्या फील्डात फक्त पुरुषच येतात का? आम्ही काय लाकडाच्या?” मिस्त्रींनी शास्त्र समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रेची दोरी सुटली. शास्त्र तिथेच राहिलं.

असे तीन महिने भरत आले. दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी शेवटची मोजणी घेतली. घरात आता चूल होती, दोन खाटा होत्या आणि छतावर पंख्याच्या पात्यांनी पूर्वी उडवलेल्या धुळीचा गोल होता. तरीही डबी टीं म्हणाली. मिस्त्रींनी मेन स्विच पाडला. टीं. खिडकीत गेले, टीं. डोळे मिटून त्यांनी विचार केला आणि उत्तर सापडलं: खालून येतंय. आपला फ्रिज मावशींच्या स्वयंपाकघरात बरोबर आपल्या खाटेखाली उभा आहे.

ते तरातरा खाली गेले, पाठोपाठ ओल्या हातांनी बायको. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

“आण बघू ती डबी.”

मावशींनी डबी फ्रिजच्या दारासमोर धरली. गप्प. बाजूला धरली. गप्प. मागे, जिथे मोटर गुणगुणते, तिथे अगदी टेकवली तेव्हा कुठे ती जरा किणकिणली. मिस्त्री म्हणाले, तुमचं धरणं चुकतंय, आणि डबी परत घेतली. हातभर अंतरावरून डबी किंचाळली.

मावशींनी एकदा फ्रिजकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. चाळीस वर्षं वर्गातल्या मुलांना त्यांनी याच नजरेने पाहिलं होतं.

“खिशात काय आहे?”

“काही नाही, मावशी.”

“उजवा खिसा. टेबलावर काढ.”

मिस्त्रींनी खिसा रिकामा केला. एक टेस्टर निघाला, एक चुरगळलेला रुमाल निघाला, आणि मग मुठीएवढं काहीतरी काळं निघालं, ज्याला साळिंदराच्या काट्यांसारखे स्क्रू चिकटले होते. मोठ्या स्पीकरमधलं चुंबक. दुकानात स्क्रू खाली सांडला की शोधत बसायला नको, हे चुंबक फिरवलं की सगळे गोळा होतात, म्हणून मिस्त्री ते पंधरा वर्षं खिशात बाळगत होते. रोज सकाळी पँट चढवली की चुंबक खिशात जाई, ते आता हाताला ठाऊक होतं, डोक्याला नाही.

मावशींनी डबी चुंबकापाशी नेली. डबीने घर डोक्यावर घेतलं. चुंबक खिडकीबाहेरच्या कुंडीत ठेवलं आणि डबी मिस्त्रींच्या कमरेभोवती फिरवली. शांतता.

बायको दाराबाहेर जाऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता तिने ओल्या हातांनी तोंड झाकलं. हसणं संपलं तरी हात तोंडावरून निघाले नाहीत, तेव्हा दारापर्यंत आलेल्या मावशी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या.

मिस्त्री शेजारच्या पायरीवर बसले. त्यांनी तिचा एक हात घेतला. तळहात साबणाने सोलवटला होता. तीन महिने हा हात रोज समोर होता, पण मिस्त्रींचं लक्ष डबीकडे होतं.

“तू आधी का नाही अडवलंस?”

“अडवून काय केलं असतं? नुसते बसून राहिला असता कागदाकडे बघत.” तिने नाक पुसलं. “पहिल्या रात्री तुम्ही तो रिपोर्ट उशीखाली ठेवून झोपलात. मला वाटलं, माणूस काहीतरी करतोय ना, करू दे. मशीन काय, येईल परत.”

पदराने हात पुसत ती म्हणाली, “उद्या काहीही निघो. त्या आकड्यापायी घरात माझ्याशी बोलणं बंद करायचं नाही.”

मिस्त्री हो म्हणाले. पण आत कुठेतरी स्क्रू सैल होऊन खुळखुळत होता. तीन महिने फुकट गेले होते, आणि उद्याच्या आकड्यावर बोलायला आता डबीसुद्धा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, पहिला आकडा जिथे निघाला होता त्याच लॅबमध्ये, मिस्त्रींनी आपलं काम उरकून लहानशी बाटली खिडकीतून आत दिली आणि खाली मान घालून बाकावर बसले. बायको बाहेर फाटकाशी थांबली होती. अर्ध्या तासाने लॅबवाल्या ताई दारात आल्या.

“तुम्हाला परवा पुन्हा यावं लागेल. सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला. नमुना तासाभराच्या आत बघावा लागतो, आणि आमच्याकडे हा एकच आहे.”

पुन्हा दोन दिवस थांबणं मिस्त्रींना शक्यच नव्हतं. ते उठले.

“बघू मी?”

“तुम्ही काय करता?”

“मोटरी बऱ्या करतो. दिवा त्यापुढे लेकरू आहे.”

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. मिस्त्रींनी प्लग काढला, सूक्ष्मदर्शक उचलला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा एक यंत्र मांडीवर घेतलं. चार स्क्रू सोडवले. नाक जवळ नेलं. जळका वास होता, जुना. बल्ब ठणठणीत होता, पण त्याचा होल्डर आतून काजळून काळा पडला होता आणि तार एका केसावर लोंबत होती. त्यांनी काजळी खरवडली, तार सोलली, पीळ दिला, आवळली. प्लग लावला. दिवा असा लागला की ताईंनी डोळ्यांवर हात धरला.

“एवढा उजेड असतो याला?” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींचे हात स्क्रूवरच थांबले. “आधी नसायचा?”

“मिणमिणायचा. पाच-सहा महिने झाले. आम्हाला वाटलं, जुना झालाय.”

ताईंनी काच सरकवली, डोळा लावला, बोटाने बटण दाबत मोजू लागल्या. मोजता मोजता त्यांची भुवई वर गेली. मग त्या खुर्ची मागे सारून म्हणाल्या, रिपोर्ट डॉक्टरबाईच सांगतील, पण दिवा तुम्ही लावलाय, तर बघा एकदा.

मिस्त्रींनी डोळा लावला. उजेडाचं एक तळं होतं आणि तळ्यात झुंबड उडाली होती. इवलीइवली शेपटं हलवत सगळे कुठेतरी निघाले होते आणि पत्ता कुणालाच माहीत नव्हता. कुणी सरळ, कुणी तिरका, कुणी दुसऱ्याला धक्का देऊन पुढे. एक जण सगळ्यांच्या मधोमध एकाच जागी गोल गोल फिरत होता, अगदी ठाम. तो मिस्त्रींना ओळखीचा वाटला.

ते किती वेळ बघत होते कोण जाणे. ताईंनी खाकरल्यावर उठले.

डॉक्टरबाईंनी नवा कागद वाचला, जुन्याशेजारी ठेवला आणि दिव्याची हकीकत ऐकून जुन्यावर सरळ रेघ मारली. म्हणाल्या, नवा आकडा चांगला आहे, व्यवस्थित आहे. तंबाखू सोडल्याचा फायदा किती आणि उजेडाचा किती, हे मात्र कुणी सांगू शकणार नाही. आधीचा धरूच नका, अंधारात मोजलेला आहे तो.

बायको फाटकाशी उभी होती. मिस्त्री जवळ गेले, पण बोलेनात.

“बोला की.”

“बघितले मी. स्वतः.”

“किती?”

“मोजता नाही आले. गर्दी होती.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदर दातात धरून रस्त्याच्या कडेकडेने चालू लागली, चेहरा लपवत. मिस्त्री तिच्या बरोबरीने निघाले. अकराव्या पावलाला त्यांची छाती नेहमीच्या मापाची झाली.

“तरी मी म्हणत होतोच,” मिस्त्री म्हणाले. “दोष विजेच्या यंत्रातच आहे.”

बायको थांबली. तिने दोन्ही हात पुढे केले, सोलवटलेले, तळवे वर.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. मिस्त्री मोरीच्या दारात उकिडवे बसून चादर आपटत होते. बायको पायरीवर बसून मावशींनी पाठवलेलं बर्फाचं पाणी पीत होती, आणि मशीन दुकानातून केव्हा आणायची, हे अजून तिने ठरवलेलं नव्हतं.