आतली वायर, बाहेरची वायर

"आजपासून या घरात इंटरनेट मला विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही!" अशी घोषणा करून इंजिनिअरने जेवणाच्या टेबलावरचा लोखंडी डबा थोपटला.

इथे एक खुलासा केलेला बरा. हा इंजिनिअर म्हणजे काही इंजिनिअर नव्हे. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. एकदा त्याने तळमजल्यावरच्या मावशींची दारावरची बेल दुरुस्त केली, तेव्हापासून अख्खी इमारत त्याला इंजिनिअर म्हणते. ती बेल आता मावशींनी स्वयंपाकघरातला दिवा लावला की वाजते, पण ते असो.

डबा म्हणजे मेहुण्याच्या ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर. आठवडाभर खपून इंजिनिअरने त्यात दोन मोठ्या डिस्क आणि वायर खोचायला एक जादा भोक बसवलं होतं. आता हाच डबा राउटर, म्हणजे घरातल्या फोनबिनना इंटरनेट वाटणारा. आणि हाच फाइल सर्व्हर, म्हणजे घरचे सगळे फोटो नि व्हिडिओ 'आमचं घर' या नावाखाली सांभाळणारा. एकाच डब्यात दरवान आणि कोठार!

"आजच लावायला हवा का?" बायकोने विचारलं. "चारला माझी मुलाखत आहे."

मुलाखत साधीसुधी नव्हती. बायको पूर्वी बालवाडीत शिकवायची. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सुटली ती सुटलीच. आता एका मोठ्या बालवाडीला मुख्याध्यापिका हवी होती आणि मुलाखत लॅपटॉपवरून व्हायची होती. आठ दिवस ती आरशासमोर उत्तरं घोकत होती. तिला ही नोकरी मिळावी असं इंजिनिअरलाही मनापासून वाटत होतं. डब्याचा घाट त्याने घातला होता तोही त्यासाठीच!

"ऐन मुलाखतीत चित्र अडकलं तर? आवाज तुटला तर? अगं, दहा मिनिटांचं काम! तू फक्त या दोन वायरींना चिठ्ठ्या लाव. एक आतली, एक बाहेरची. तुझं अक्षर चांगलं आहे."

डब्याच्या दोन भोकांवर 'आत' आणि 'बाहेर' असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. बायकोने चिठ्ठ्या लावल्या. त्याने 'आत'मध्ये 'आत' खोचली, 'बाहेर'मध्ये 'बाहेर' खोचली आणि बटण दाबलं. हिरवे दिवे असे काही लुकलुकायला लागले की त्याची छाती दोन इंच फुगली.

"बघ! किती यंत्रं जोडली गेली! एकतीस!"

"एकतीस? आपल्याकडे दोन फोन, एक लॅपटॉप, एक टीव्ही."

"मिक्सर?"

"मिक्सरला इंटरनेट कशाला?"

"मग हे सत्तावीस कोण?" इंजिनिअर डोकं खाजवायला लागला.

"ते मला नको विचारूस. माझा लॅपटॉप म्हणतोय इंटरनेटच नाही!"

तेवढ्यात दारात तळमजल्यावरच्या मावशी. धापा टाकत, हातात टीव्हीचा रिमोट.

"इंजिनिअर, तुम्ही माझ्या टीव्हीवर घोरताय हो!"

"मी? मी तर इथे उभा आहे!"

"तेच तर! माझी मालिका बंद पडली. मग टीव्हीवर 'आमचं घर' असं काहीतरी दिसलं. मला वाटलं नवी मालिका. दाबलं, तर तुम्ही! उताणे! बनियनवर!"

इंजिनिअरने बायकोकडे पाहिलं. बायकोने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं.

"डॉक्टरांना दाखवायला काढला होता तो व्हिडिओ," ती म्हणाली. "तू मान्यच करत नाहीस ना घोरतोस ते."

"तो मी नसेन!"

"वरचे शिंपीदादासुद्धा बघताहेत," मावशी म्हणाल्या. "ते म्हणाले, आवाज खणखणीत आहे."

इंजिनिअरच्या पायाखालची जमीन सरकली. कुणीतरी आपल्या डब्यात घुसलंय! शोध घ्यायलाच हवा! तो तरातरा जिन्यात गेला, तर तिथे भिंतीवरची पेटी उघडून नेटवाला उभा. या पेटीतूनच प्रत्येक घरात एकेक वायर गेलेली.

"अख्ख्या इमारतीचं नेट गेलंय," नेटवाला वैतागून म्हणाला. "कुणीतरी स्वतःचा राउटर उलटा जोडलाय. साहेब, तो घरच्यांना सोडून शेजाऱ्यांना नेट वाटत बसलाय!"

"असा गाढव आहे तरी कोण?" इंजिनिअर कडाडला. "चला, मी येतो बरोबर!"

आणि तो खरोखरच गेला! दारोदार जाऊन त्याने उलटतपासणी घेतली. "ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये," असं त्याने शिंपीदादांना त्यांच्या इस्त्रीवरून सुनावलंसुद्धा. इकडे नेटवाला पेटीतल्या वायरी एकेक करून उपटत होता. एक वायर निघाली मात्र, सगळ्या मजल्यांवरून एकच ओरडा झाला, "आलं! आलं!"

"ही कुणाची?" नेटवाल्याने विचारलं.

वायर भिंतीवरून सरळ इंजिनिअरच्याच दारात शिरली होती.

"माझी," इंजिनिअर पुटपुटला. "पण मी बरोबर जोडलंय हो! आत ती आत, बाहेर ती बाहेर!"

चार वाजत आले होते आणि इंजिनिअरच्या घरात मावशी, शिंपीदादा, नेटवाला आणि दोन मजल्यांची माणसं दाटीवाटीने उभी होती. मधोमध इंजिनिअर, दोन्ही हातांत एकेक वायर.

"जिन्यातून आत येते ती आतली," बायको म्हणाली. "मी तशीच चिठ्ठी लावली."

"अगं, बाहेरून येते ती बाहेरची!"

"आली ना पण? मग आतली झाली," मावशी म्हणाल्या.

"तसं कसं?" शिंपीदादा म्हणाले. "कापडाची आतली बाजू शिवताना बाहेरच असते."

नेटवाला मटकन खुर्चीत बसला. "मलाच आता कळेनासं झालंय!"

सगळे एकदम बोलायला लागले. बायकोचा चेहरा पडला होता. घड्याळाकडे बघून तिने लॅपटॉप मिटला, स्वतःचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, फोनचंच इंटरनेट चालू केलं आणि मुलाखतीचं बटण दाबलं. पडद्यावर तीन गंभीर चेहरे उमटले. मागे बाजार भरलेलाच! ती गर्रकन वळली.

"हाताची घडी! तोंडावर बोट!"

सगळी इमारत खाली बसली. मावशींनी रिमोट मांडीवर ठेवला. नेटवाल्याने खुर्ची सोडून फरशीवर मांडी ठोकली. इंजिनिअर तेवढा उभा राहिला. दोन्ही हातांत वायरी घेऊन घडी कशी घालायची आणि बोट कुठून आणायचं, हे त्याला उमगेना.

पडद्यावरच्या बाई थक्क झाल्या होत्या. "तुमचा वर्ग फारच शिस्तीचा दिसतो! आणि मागे उभे आहेत ते कोण?"

बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही. "तो नवीन आलाय. लहान-मोठं, वर-खाली येतं त्याला. आत-बाहेर अजून घ्यायचंय."

तिघेही खो खो हसले. घोकलेलं एकही उत्तर लागलं नाही. सोमवारपासून या म्हणाले!

इमारतीने टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरला इतका आनंद झाला की त्याने वायरी टाकून सगळ्यांना जिन्यापर्यंत पोचवलं, शिंपीदादांची माफीसुद्धा मागितली. परत येतो तर वाऱ्याने दार लागलेलं. त्याने हळूच टकटक केलं.

"बाई, आत येऊ?"

"आधी सांग," आतून आवाज आला, "तू आत्ता आत आहेस की बाहेर?"

इंजिनिअरने दाराकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. घराच्या बाहेर, हे तर उघडच होतं. पण इमारतीच्या तर आत!

"जरा विचार करून सांगतो," तो म्हणाला आणि पायरीवर बसला.