गुरुवारचं सौर वादळ

सूर्य माझ्या शब्दाबाहेर नाही. म्हणजे तो ऐकतो माझ्या बायकोचं, हौसाचं. मी शेजारी उभा असतो. पन्नास वर्षं गच्चीवर कुरडया वाळवताना ती त्याच्याशी बोलत आलीय, त्याला तिची सवय झालीय. सरकारदरबारी मात्र तज्ज्ञ म्हणून नाव माझं लागलं, कारण अर्ज मी भरला.

परवा राष्ट्रीय अंतराळ-हवामान समितीच्या डॉक्टर वर्तकबाई आमच्याकडे करमाळ्याला आल्या.

"तात्या, सूर्यावर पाच डाग आलेत. गुरुवारी वादळ सुटलं तर देशाची वीज जाईल, उपग्रह मुके होतील. समितीचा एकमतानं सल्ला आहे, सूर्याची समजूत काढावी."

"काढू की. तोंडी चालेल?"

"चालेल. साक्षीदार मी."

अडचण एवढीच, की हौसा पाच दिवस माझ्याशी बोलत नव्हती. मेहुणी माणसं घेऊन येतेय अशी थाप मारून मी तिला अकरा जणांच्या पुरणपोळ्या करायला लावल्या होत्या. झाल्या होत्या फार चांगल्या.

हौसा चुलीपाशी गव्हाचा चीक हाटत होती. वर्तकबाईंनी तिलाच विनंती केली, तर मान वर न करता म्हणाली, "आधी यांनी माफी मागावी. मग देशाचं बघू."

बाईंनी वही उघडली. "मागा, तात्या. इतिवृत्तात घ्यायचीय."

"चुकलो."

"'पुन्हा करणार नाही' असं लिहू?"

"ते नको. सरकारी कागदावर खोटं कशाला?"

हौसानं पदर तोंडाला लावला. मग पातेलं उतरवून, हात धुऊन ती गच्चीवर गेली. आम्ही मागोमाग.

"काय रे," ती वर बघून म्हणाली, "गुरुवारपर्यंत माझ्या कुरडयांना सरळ ऊन पाहिजे. तुला काय आदळआपट करायची ती नंतर कर."

बाईंनी काळ्या काचेतून पाहिलं. एकही डाग नव्हता. त्यांनी शांतपणे नोंद केली, 'वादळ डागांच्या पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं पुढे ढकलण्यात आले', आणि आम्हाला म्हणाल्या, "तेव्हा पुन्हा येईन. दोघंही लागाल."

"अकरा वर्षांनी मी नव्वदीचा," मी हौसाला म्हणालो. "बहुतेक नसेनच. मग माफी कोणाकडून मागून घेशील?"

"असाल," हौसा सूर्याकडे बोट दाखवून म्हणाली. "यम त्याचाच पोरगा. आत्ताच बापाच्या कानावर घातलंय."