इंजिनात कोण बसणार आहे?

माझे वडील बसून बघितल्याशिवाय कुठलीही वस्तू घेत नसत. खुर्ची-पलंगाचं ठीक आहे, त्यावर कोणीही बसून बघेल. पण आबा भाड्याने घ्यायच्या घराच्या उंबऱ्यावर बसून बघत, विहिरीच्या कठड्यावर बसून बघत. एकदा बाजारात पत्र्याची मोठी ट्रंक घ्यायला गेले, तर तिच्यावर बसले आणि पाच मिनिटं उठलेच नाहीत. दुकानदार म्हणाला, मेस्त्री, ट्रंक कपडे ठेवायला असते. आबा म्हणाले, "घरात पाहुणे आले की कळेल कशाला असते ते."

आबा सुतार होते. रत्नागिरीकडून आले आणि मुलुंडला त्यांनी फर्निचरचं दुकान थाटलं. पुढे दुकान, मागे काम, माळ्यावर आम्ही मुलं. वस्तू कशीही असो, त्यांचं एकच म्हणणं, "बसून बघू."

माझं स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्या घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर आळीपाळीने बसले. एक डुगडुगली. ती उलटी करून खांद्यावर टाकली, घरी आणली, पाय सारखे केले आणि आठ दिवसांनी नेऊन दिली. माझ्या सासूने तेवढ्यावर होकार कळवला. नेलेली खुर्ची परत आणणारा माणूस मुलीच्या बाबतीत फसवणार नाही, असं तिचं म्हणणं. ती खुर्ची अजून माझ्याकडे आहे. नवरा गेला, सासू गेली, खुर्ची हलत नाही.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय मोटारीची गोष्ट कळणार नाही. अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात एक स्टूल डुगडुगत होतं. एक पाय बोटभर आखूड. आई दर चार दिवसांनी सांगायची आणि आबा दर चार दिवसांनी म्हणायचे, उद्या करतो. गिऱ्हाइकाचं काम आधी. एके दुपारी आई फळीवरचा पापडाचा डबा काढायला त्या स्टुलावर चढली आणि डब्यासकट खाली आली. उजवा गुडघा गेला. हाड जुळलं, पण पाय काठीसारखा सरळ राहिला तो राहिलाच. पापड मात्र एकही मोडला नाही, हे आईच नंतर लोकांना सांगायची. स्टूल दुसऱ्या दिवसापासून घरात दिसलं नाही. कोणी विचारलं नाही, आबा बोलले नाहीत. आमच्याकडे तशीच पद्धत.

आईला एकच बहीण. सखूमावशी, दहिसरला नदीकाठी राहायची. तिची दृष्टी गेली होती. म्हणजे एकीला दिसत नाही आणि दुसरीला चालवत नाही. मावशी सुनेकडून कार्ड लिहून घ्यायची आणि आईला वाचता येत नसे म्हणून मी वाचून दाखवायची. चौथीपर्यंतच्या शाळेचा मला झालेला तो एकच उपयोग.

पडल्यावर वर्षभराने आईला आगगाडीने दहिसरला न्यायचं ठरलं. दादरला पूल ओलांडून दुसरी गाडी धरायची होती. पायऱ्या काही आईला चढवेनात. तेव्हा आबांनी चार हमाल बोलावले, तिला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि हमालांनी खुर्ची खांद्याला लावली. समोरून एक सभ्य गृहस्थ उतरत होते. त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि कडेला उभे राहिले. आई वरून म्हणाली, "अजून आहे मी." पण तिथूनच तिने खुर्ची परत फिरवली. घरी आल्यावर एवढंच बोलली, "यापुढे चार जणांनी मला उचलायचं ते एकदाच."

त्यानंतर दोन वर्षं ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. टांगा नको, डोली नको, वसंताचा हातसुद्धा नको. वसंता माझा भाऊ, भांडुपला एका कारखान्यात होता. आई घरातल्या घरात भिंत धरून चालायची आणि म्हणायची, मला कुठे जायचंय.

मग मावशीचं एक कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं की, तुझा आवाज कसा होता ते आता नीट आठवत नाही. मी वाचलं. आईने कार्ड तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, सुनेचं अक्षर सुधारलंय. मागे आबांचा रंधा चालू होता, तो थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या घरी आले. मी दोन गल्ल्या सोडून राहायची. दारातच म्हणाले, "शेवंते, मोटार घ्यायचीय. चप्पल घाल."

गावची आंब्याची झाडं त्यांनी भावाला विकून टाकली होती, त्या पैशांतून हे निघालं. आईने विचारलं, मोटार कशाला? आबा म्हणाले, म्हातारपणी चैन करायचीय. हा माणूस जन्मात विडीपलीकडे गेला नव्हता. चालवणार कोण, असं मी विचारलं. वसंता कारखान्याची लॉरी चालवायला शिकला होता, तो चालवील. मग बघायला त्याला न्या, मला कशाला? "तो इंजिन बघत बसेल," आबा म्हणाले.

कोरी गाडी हवी तर नाव नोंदवायचं आणि काही वर्षं थांबायचं, असं कळलं. आबा म्हणाले, "गाडी येईल. तोवर बसणारी माणसं कुठून आणायची?" म्हणून वापरलेली बघायची ठरली. घाटकोपरचा छगनभाई नावाचा दलाल होता, गुजराती, गोड बोलणारा. त्याने पहिली गाडी दाखवली आणि पुढचं झाकण उघडून उभा राहिला. आबा तिकडे वळलेच नाहीत. सरळ मागच्या दाराशी गेले. छगनभाई म्हणाला, "मेस्त्री, इंजिन तर बघा ना."

आबा म्हणाले, "इंजिनात कोण बसणार आहे?"

त्यांची बसायची तऱ्हा बघण्यासारखी होती. दाराकडे पाठ करायची, बैठकीच्या कडेवर टेकायचं, आणि मग उजवा पाय ताठ ठेवून ढुंगणाने मागे मागे सरकत पलीकडच्या दारापर्यंत जायचं. टाच या दारात अडकली. आबा म्हणाले, नको. छगनभाई झाकण धरून उभाच.

असे आम्ही दोन महिने हिंडलो. अंधेरीला एका पारशी म्हाताऱ्याची गाडी बघितली, आरशासारखी पुसलेली. आबा पाय लांब करून आत पसरले तेव्हा तो कळवळून म्हणाला, मेस्त्री, पाय खाली, चामड्याची सीट आहे. आबांनी विचारलं, "तुम्ही गाडी विकताय की दाखवताय?" तीही नको. एकीचं छत खाली, एकीचा उंबरा वर. मोटारीच्या दाराच्या पट्टीला आबा उंबराच म्हणायचे. नऊ गाड्या झाल्या. मी म्हटलं, आबा, माझ्या घरी पोरं उपाशी राहतात. म्हणाले, दहावी बघू. ते चिडत नसत, थकत नसत. नको म्हणायचे आणि टोपी सारखी करून पुढच्या गाडीकडे चालू लागायचे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. घरातून निघताना आबा नीट चालायचे. गाडीच्या ठिकाणी पोचलो की कुठल्यातरी भिंतीआड जायचे आणि येताना लंगडत यायचे. मला वाटलं, म्हातारा किंमत पाडायला लंगडं सोंग करतोय. सौद्यात तेवढं चालतं.

दहावी गाडी बोरिवलीला एका डॉक्टरची होती. आबा नेहमीप्रमाणे पाठमोरे शिरले, सरकले आणि मध्येच अडकले. ताठ पाय पुढच्या सीटच्या आणि दाराच्या मध्ये असा बसला की पुढे जाईना, मागे येईना. छगनभाईने काखेत हात घातले, मी पाय ओढला. डॉक्टर खिडकीतून सांगत होता, पाय वाकवा ना. "वाकत नाही," आबा म्हणाले. मी जोर केला तसं धोतर वर सरकलं.

गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी सागवानी पट्ट्या बांधलेल्या होत्या. रंधा मारून गुळगुळीत केलेल्या, कडा गोल केलेल्या. बांधायला आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या.

मला काय समजायचं ते समजलं. छगनभाईलाही समजलं असावं, कारण आबांनी त्याला मागेच एकदा घरी पाणी प्यायला आणलं होतं आणि आईला त्याने भिंत धरून चालताना बघितलं होतं. त्याने आबांचं धोतर नीट केलं आणि म्हणाला, "मेस्त्री, हे पहिल्या दिवशी सांगायचं ना."

परतताना मी आबांना स्पष्ट विचारलं. एवढं सोंग कशाला? गाडी दारात आणायची, आईलाच बसवून बघायचं.

आबांनी पट्ट्या चिंध्यांत गुंडाळल्या. मग म्हणाले, "तिला एकदाच विचारता येईल. दारात गाडी आणली नि तिला बसता नाही आलं, तर पुन्हा उठायची नाही ती."

आठ दिवसांनी छगनभाई स्वतः मुलुंडला आला. अंधेरीच्या एका बंद बंगल्यात जुनी विलायती गाडी होती. मोठी, काळी, म्हशीसारखी. मागचं दार उलट्या बाजूने उघडायचं, रुंद. आबांनी या वेळी सगळ्यांसमोर पट्ट्या बांधल्या. पाठमोरे टेकले, सरकले, पाय आला. दार लावायला सांगितलं. लागलं. आतूनच म्हणाले, "ही."

छगनभाई म्हणाला, इंजिन जरा खोकतं, आधीच सांगतो. आबा म्हणाले, खोकू दे, मीपण खोकतो. वसंताने गाडी बघितली आणि डोकं धरलं. पुढचे चार रविवार तो तिच्याखाली झोपून होता.

मग एका सकाळी गाडी दारात लागली. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. आई उंबऱ्यात आली, भिंत धरून. तिने गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. म्हणाली, "चैन तुमची, मी कशाला?"

आबांनी गाडीच्या दाराशी एक बुटकं स्टूल ठेवलं. पाय नवे होते, सागवानी. वरची फळी जुनी होती. तिच्यावर गरम पातेल्याचा गोल काळा डाग होता. तो डाग मी पाडलेला, सात वर्षांची असताना, म्हणून मी लगेच ओळखला. आईनेही ओळखला. ती त्या फळीकडे बघत राहिली.

"आधी तुम्ही उभे राहा त्याच्यावर," आई म्हणाली.

आबा चढले. टोपी, कोट, धोतर, आणि सगळ्या गल्लीसमोर स्टुलावर उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. आई म्हणाली, हला. आबा हलले. "दुसऱ्या बाजूने." तसेही हलले. स्टूल काही हललं नाही.

मग आईने पदर खोचला, दाराकडे पाठ केली, एक हात दारावर, एक छताच्या कडेवर, आणि स्टुलावर चढून मागे टेकली. सरकत सरकत पलीकडच्या दाराला पाठ लावून बसली. पाय बैठकीवर लांब, टाच दाराच्या आत चार बोटं. कोणीही हात लावला नाही. लावला असता तर तिने फटका दिला असता.

वसंता चालवायला बसला. त्याच्या शेजारी मी, फराळाचे डबे आणि त्याच्या हत्यारांची पेटी. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मागची बैठक आईच्या पायाने भरली होती. आबांना जागा नव्हती. अकरा गाड्या, दोन महिने, इंच न् इंच बघितलेला, आणि स्वतः कुठे बसायचं हे त्या माणसाने एकदाही बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, मी उतरते. आबा म्हणाले, बस गो. त्यांनी स्टूल उचलून आईच्या समोर, खालच्या जागेत ठेवलं आणि त्यावर बसले. गुडघे हनुवटीला लागले.

ठाण्यावरून घोडबंदरच्या रस्त्याने निघालो. रस्ता खड्ड्यांचा. वसंता शिव्या देत होता, इंजिन खोकत होतं. मागे वळून बघितलं तर आबांनी आईची टाच दोन्ही हातांत धरली होती आणि दर खड्ड्याला ती वरच्या वर झेलत होते. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "दोन महिने बसून बघत होतात ना?"

"राहिलं," आबा म्हणाले.

आणखी दोन-चार खड्डे गेले. आईने विचारलं, "हलत नाही ना ते?"

"नाही."

एवढंच. सकाळचे हुकूम सोडले तर तीन वर्षांत त्या स्टुलाबद्दल त्यांच्यात झालेलं हे पहिलं बोलणं, आणि मला वाटतं, शेवटचंही.

दहिसरला गाडी थांबली तेव्हा आबांचे गुडघे आखडले होते, उठता येईना. मी आणि वसंताने काखेत धरून त्यांना बाहेर ओढलं. आई आतून म्हणाली, "दोघंच लावा. चौघं नकोत." मग स्टूल खाली ठेवलं आणि ती आपली आपण उतरली.

ओटीवर मावशी सूप घेऊन बसली होती. आईने अंगणातूनच हाक मारली, सखू. मावशीचे हात थांबले. ती म्हणाली, "किती घोगरा झालाय गं आवाज. हाच होता का?" आई म्हणाली, हाच होता. मग दोघी भांडायलाच लागल्या, कोणाचा आवाज आधी गोड होता त्यावरून.

चहा झाला तरी आबा आत आले नाहीत. मी कप घेऊन बाहेर गेले. गाडीच्या सावलीत, रस्त्याच्या कडेला, त्याच स्टुलावर बसले होते. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, आत चला, खुर्च्या आहेत.

"बसू दे गो," आबा म्हणाले. "बघतोय."