रिकामं कसं परत द्यायचं

खर्र. खर्रर्र.

जेवणं उरकून, ओटा पुसून शर्वरी नुकतीच चहाचा कप घेऊन टेकली होती. सासूबाईंचा डोळा लागला होता, हैदराबादेत नारायणगुड्याच्या त्या गल्लीतले भाजीवालेसुद्धा गप्प झाले होते. पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच सोफ्यामागून हा आवाज आला. उंदीर असता तर तिला बरं वाटलं असतं. उंदीर निदान रंगीत खडू वापरत नाहीत.

"रेणू."

आवाज थांबला.

"काय करत्येस तिथे?"

"काही नाही. सूर्याला पाय काढतेय."

सोफा ओढून बघितलं तर सूर्याला खरोखरच पाय होते, पायांत बूट होते आणि तो एका कोंबडीला घेऊन चारमिनारकडे निघाला होता. चित्र सोफ्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत मावलं नव्हतं म्हणून चारमिनारचे दोन मिनार वर डोकावत होते. सासूबाईंच्या नजरेस ते अजून कसे पडले नाहीत, हेच नवल.

"भिंतीवर काढायचं नाही, हे कितीदा सांगायचं तुला? कागद आहेत ना?"

"कागदावर सूर्य उभा राहत नाही," रेणू शांतपणे म्हणाली. "मग कुठल्या भिंतीवर काढू?"

चहा निवत होता. शर्वरीने घाईत उत्तर दिलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका उत्तराने घडलं. ती म्हणाली, "मागची खोली आपण रंगवून घेऊ. ती तुझी. तिथली एक अख्खी भिंत तुझी. काय हवं ते काढ."

"आजी ओरडली तरी?"

"आजी ओरडली तरी."

पहिलीतल्या मुलीला दिलेला शब्द म्हणजे काय, हे आयांना सांगायला नको. संध्याकाळपर्यंत रेणूने जिन्यात, गच्चीवर आणि इस्त्रीवाल्याकडे ही बातमी पोचवली. आता माघार नव्हती.

अडचण एवढीच होती की मागच्या खोलीला भिंती आहेत, हे घरातल्या लोकांना फक्त आठवणीवरून माहीत होतं. फ्लॅट घेतला तेव्हा ती रेणूची खोली म्हणूनच घेतली होती. पण त्याच सुमाराला बाजार असा काही सुटला, की विचारू नका. पूर्वी स्कूटरला नंबर लावायचा, टेलिफोनला नंबर लावायचा आणि नंबर लागेपर्यंत मुलं मोठी व्हायची. आता शर्वरीचा नवरा श्रीकांत ऑफिसातून हिमायतनगरमार्गे येताना दिसेल ती वस्तू हप्त्यावर उचलून आणत होता. कलर टीव्ही आला, वॉशिंग मशीन आलं, टू-इन-वन आला, एअर कूलर आला, आणि प्रत्येकाबरोबर त्याचं खोकं आलं. वस्तू घरात पसरल्या आणि खोकी मागच्या खोलीत गेली, आतल्या थर्मोकोलसकट.

कारण सासूबाईंचं, म्हणजे सुशीलाबाईंचं म्हणणं, खोकं टाकायचं नसतं. "कंपनीनं परत मागवला तर टीव्ही काय चादरीत बांधून देणार हाव? उद्या श्रीकांतची बदली झाली तर?"

श्रीकांतच्या कंपनीचं एकच ऑफिस होतं. ते त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पण बदलीची भीती सुशीलाबाईंनी नवऱ्याच्या सरकारी नोकरीत कमावली होती. बीड, परभणी करत त्या हैदराबादला स्थिरावल्या होत्या आणि ती भीती सोडायची त्यांची तयारी नव्हती.

रात्री जेवताना शर्वरीने विषय काढला. श्रीकांत ताटातून मान वर न करता "हो, करून टाकू" म्हणाला. एवढ्या चटकन तो हो म्हणतो तेव्हा काम आपल्याच अंगावर येतं, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. सुशीलाबाईंनी मात्र भाताचा घास थांबवला.

"रंगव की. दिवाळी आलीच. पण एक खोकं बाहेर गेलं नाही पाहिजे."

रंगवायला यूसुफभाई आले. खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी आत पाहिलं, मग शर्वरीकडे पाहिलं.

"कमरा किधर है, बहनजी?"

"यही है."

"ये तो गोदाम है. खाली करके देव, दो दिन में रंग देता. नहीं तो डब्बों पे-च रंग मारना पड़ता."

हॉलमध्ये जागा नव्हती, गच्चीवर पत्रा नव्हता. तेव्हा सुशीलाबाईंनीच तोड काढली. टीव्ही आणि कूलरची खोकी समोरच्या पद्मक्कांकडे, वॉशिंग मशीनचं खालच्या रंजनाकडे, आणि उरलेली बारकी, मिक्सरपासून टू-इन-वनपर्यंतची, दिलसुखनगरला सुशीलाबाईंच्या नणंदेकडे, म्हणजे कुसुमताईंकडे. "दोन दिवसांची तर बात हाय," त्या म्हणाल्या.

इथे शर्वरीच्या डोक्यात एक विचार आला. विचार काही फार सज्जन नव्हता. गेलेली खोकी परत आलीच नाहीत तर? पद्मक्कांकडे खोकं ठेवताना तिने आवाज खाली करून सांगितलं, "परत देने की जल्दी नहीं, अक्का. आराम से."

"अय्यो, परवालेदु अम्मा," पद्मक्का म्हणाल्या. म्हणजे काही हरकत नाही.

रंजनाशी तर मराठीतच बोलायचं होतं. "घाई नाही हं. आणि नाही दिलंस तरी चालेल मला."

रंजना हसली. "कळलं वहिनी. तुमच्या सासूबाईंना लवकर हवंय. 'घाई नाही' म्हणजे काय ते आम्हाला कळतं हो. आम्ही पण सासवांच्या हाताखालून गेलोय."

"अगं नाही, खरंच नको आहे."

"पुण्याचं माहेर ना तुमचं, सरळ मागणार नाही," असं म्हणून रंजनाने तिला वाटीभर शेवेच्या वड्या दिल्या. कारण शर्वरी खोक्यात ठेवून चिवड्याचा डबा घेऊन गेली होती, आणि डबा रिकामा परत करायचा नसतो.

हा नियम बिल्डिंगमध्ये सुशीलाबाईंनी आणला होता. पद्मक्का नवीन राहायला आल्या तेव्हा त्यांनी पुरणपोळीचा डबा घासूनपुसून, चकचकीत, रिकामा परत केला. सुशीलाबाईंनी त्यांना दारातच उभं करून समजावलं होतं, "खाली नक्को देना अक्का. हमारे में खाली बर्तन वापस नहीं करते. कुछ बी डालना, शक्कर डालना." पद्मक्का बाई गुणी. तेव्हापासून दोन दारांमध्ये डबे थांबलेच नव्हते. पुलिहोरा भात यायचा, त्यातून साबुदाणा वडे जायचे, त्यातून गोंगुरा चटणी यायची. कुठला डबा मुळात कुणाचा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

ही गोष्ट शर्वरीला आठवायला हवी होती. पण त्या दोन दिवसांत ती दुसऱ्याच आनंदात होती.

खोली रिकामी झाली. यूसुफभाईंनी तीन भिंतींना कोवळ्या कैरीचा हिरवा दिला आणि चौथी, खिडकीसमोरची, पांढरी ठेवली. रंग वरवर वाळला त्या दिवशी रेणूने खोलीच्या मधोमध उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं. नाव भिंतीवर आपटून परत आलं, तर ती दचकली आणि मग खूश होऊन पुन्हा ओरडली. शर्वरी चहा घेऊन फरशीवर बसली. भिंतीला टेकायची बंदी होती, म्हणून ताठ बसली, पण बसली. एवढी मोकळी जागा तिने या घरात पाहिलीच नव्हती.

"उद्या काढायला घेऊ?" रेणूने विचारलं.

"उद्या. नीट वाळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली.

दारात पद्मक्का, त्यांचे यजमान आणि वॉचमन असे तिघं मिळून टीव्हीचं खोकं धरून उभे होते. रिकामं खोकं एका माणसाला उचलतं, हे शर्वरीला माहीत होतं.

"अक्का, इसमें क्या है?"

"खाली कैसे देना अम्मा," पद्मक्का धापा टाकत म्हणाल्या. "अत्तम्मा, तुम्हारी सास, बोले थे ना. थोड़ा थोड़ा डाले."

थोड्या थोड्यात एक बंद पडलेला स्टॅबिलायझर होता, बाळाचा पांगुळगाडा होता, तेलुगू मासिकांचे गठ्ठे होते आणि मधोमध, सगळ्याला आधार म्हणून, आवकायची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची बरणी होती. कूलरच्या खोक्यात एक शिलाई मशीनचा पाय होता. नुसता पाय.

तासाभराने रंजना आली, मागे तिचा नवरा किशोर वॉशिंग मशीनचं खोकं जिन्याच्या कठड्यावर टेकवत टेकवत. "वहिनी, म्हटलं रिकामं कसं द्यायचं. तुमच्याकडे आता खोली मोकळी आहे, तर आमचा जुना पंखा, गाद्यांच्या खोळी आणि ही एक घंटी. कसली आहे माहीत नाही, पण चांगली पितळी आहे. वर चकल्या ठेवल्यात, त्या आधी काढून घ्या."

"रंजना, मी नको म्हटलं होतं ना तुला."

"म्हणूनच लगेच आणलं," रंजना समजूतदारपणे म्हणाली.

दिलसुखनगरहून कुसुमताई ऑटो करून स्वतः आल्या. बारक्या खोक्यांत त्यांनी घरातली सगळी जादा स्टीलची भांडी भरली होती, आणि मिक्सरच्या खोक्यात गणपतीच्या मखराचं सामान. "आमची बिल्डिंग पाडून नवी बांधणारेत. सुशीला, तूच म्हणतेस ना, काही टाकू नये."

सुशीलाबाई भारावून गेल्या होत्या. "पाहिलंस शर्वरी? माणसं आहेत. एकानं रिकाम्या हातानं पाठवलं नाही."

"पण आई, हे आपण टाकून तरी देऊ या का? स्टॅबिलायझर बंद आहे तो."

"दिलेलं कोणी टाकतं हाव? त्यांच्याच दारावरून भंगारवाला न्यायचा ते."

"मग त्यांना परत देऊ."

सुशीलाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की शर्वरीला उत्तर ऐकायची गरज उरली नाही. परत द्यायचं, तर त्यात काहीतरी घालून द्यावं लागणार होतं.

संध्याकाळी श्रीकांत आला. त्याच्या हातात एक नवं कोरं खोकं होतं आणि चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणारं हसू.

"ओळख काय असेल. व्हॅक्यूम क्लीनर. ऑफिसात माणूस आला होता, फर्स्ट क्लास डेमो दिला त्यानं. म्हटलं, रेणूची खोली एवढी मोकळी झाली आहे, तर स्वच्छ राहायला हवी."

शर्वरीने त्याला हाताला धरून मागच्या खोलीच्या दारात नेलं. खोकी छतापर्यंत पोचली होती. कैरीचा हिरवा रंग एका कोपऱ्यात, पंख्याच्या पात्यामागे, वाटीभर दिसत होता. पांढरी भिंत दिसतच नव्हती.

"अरे," श्रीकांत म्हणाला. मग हातातल्या खोक्याकडे बघत म्हणाला, "याचं खोकं पण ठेवावं लागेल ना? वॉरंटी आहे."

ती वळून स्वयंपाकघरात गेली. कणीक मळायला घेतली आणि अशी मळली, की पोळ्या मऊ होणार हे नक्की. खोलीचं तिला तितकंसं वाटत नव्हतं. भिंतीचं वाटत होतं. दिवसभरात रेणूने भिंतीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं, आणि हट्ट करणाऱ्या पोरीने हट्ट न करणं तिला सहन होत नव्हतं. काय सांगायचं तिला? की आपल्याकडे शब्द देतात, पण जागा देत नाहीत?

मग तिच्या लक्षात आलं, की बराच वेळ घरात रेणूचा आवाजच नाही.

खर्र. खर्रर्र.

आवाज मागच्या खोलीतून येत होता. शर्वरी कणकेच्या हातांनी धावली. दारापाशी स्टॅबिलायझर, पांगुळगाडा, मासिकं आणि आवकायची बरणी शिस्तीत रांगेत मांडली होती. टीव्हीचं खोकं आडवं पडलं होतं आणि त्यातून दोन पावलं बाहेर आली होती.

ती गुडघ्यांवर बसून आत वाकली. आतल्या एका बाजूला बूट घातलेला सूर्य उभा होता, ऐसपैस, डोकं न वाकवता. कोंबडी होती. खिडकी होती, खिडकीत चारमिनार होता, या वेळी चारही मिनारांसकट. रेणूचं नाक निळं झालं होतं.

"आई, बघ. प्रतिध्वनी पण येतो," ती म्हणाली आणि आपलं नाव घेतलं. खोक्याने ते हळूच परत दिलं.

मागे बांगड्या वाजल्या. सुशीलाबाई येऊन उभ्या होत्या.

"टीव्हीचं खोकं आहे ते," त्या म्हणाल्या.

शर्वरीने मागे वळून पाहिलं नाही. आजी ओरडली तरी, असं तिने म्हटलं होतं; आता ती वेळ आली होती. ती खोक्याच्या तोंडाशी जरा सरकून बसली.

सुशीलाबाई कंबरेवर हात ठेवून हळूहळू वाकल्या आणि सुनेच्या खांद्यावरून आत बघू लागल्या. सूर्याच्या बुटांपासून चारमिनारापर्यंत सगळं बघून झालं.

"त्या टीव्हीला आता कोणती कंपनी परत घेणार आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "उशी घाल तिला आत. मान अवघडेल पोरीची."

शर्वरीला हसू आलं आणि डोळेही भरले. कणकेचे हात असल्यामुळे तिला दोन्हीचं काही करता येईना.

रेणूने खोक्यातून डोकं बाहेर काढलं. रांगेत मांडलेल्या सामानावरून तिने नजर फिरवली, मग आपल्या नव्या घराच्या चार भिंती आतून नीट बघितल्या आणि काळजीच्या सुरात विचारलं,

"आई, माझ्या घरात अडगळीची खोली कुठे करायची?"