कॉर्टिसॉलची सरासरी

मैत्री गजभिये हिला सहा आठवड्यांची रजा हवी होती. कारण साधं होतं. तिला गोष्टी आठवत नव्हत्या. मंडईत एकाच संध्याकाळी तिने तीनदा मेथी घेतली. नागपूरला आईला सकाळी फोनवर सांगितलेली हकीकत तिने दुपारी पुन्हा, तितक्याच निरुत्साहाने सांगितली. इथवर मामला घरगुती होता. पण अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबरच्या बैठकीत ती त्या ग्राहकाचंच नाव विसरली, तेव्हा तो कार्यालयीन झाला.

"नेक्स्ट टाइम असं झालं तर मी काही करू शकणार नाही हं," तिचा मॅनेजर अनिरुद्ध म्हणाला. मॅनेजर हे वाक्य काहीतरी करण्यापूर्वी उच्चारतात, हे हिंजवडीत सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पुढची चूक होण्याच्या आत रजा मिळणं आवश्यक होतं.

शनिवार पेठेतल्या डॉ. बिडव्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. झोप नाही, भूक नाही, रडूही नाही.

"डॉक्टर, माझा मेंदू गेला का?"

"गेला असता तर रिक्षा करून इथवर आला नसता. तुम्हाला नैराश्य आहे. संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. त्याने पाहुण्यासारखं कामापुरतं यावं आणि निघावं. नैराश्यात काहींच्या बाबतीत हा पाहुणा मुक्कामच ठोकतो. मेंदूत आठवणी लावून ठेवणारा एक भाग असतो, त्याला हा मुक्काम सोसत नाही. पुण्यात पाहुणा लांबला की घरातल्यांचं काय होतं, ते मी सांगायला नको."

"जाईल का तो?"

"जाईल. औषध घ्या, झोपा, दर आठवड्याला इथे येऊन बोला. आणि सहा आठवडे ऑफिसचं तोंड बघू नका."

मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख राजनंदिनी मॅम यांनी डॉक्टरांचं पत्र सहानुभूतीने वाचलं. सहानुभूती त्यांच्या कामाचाच भाग होती.

"डिप्रेशन? पण परवा बर्थडेला तू टाळ्या वाजवल्यास की! फोटो आहे."

"वाजवायच्या असतात, मॅम."

"हे बघ, आपली कंपनी डेटावर चालते. 'उदास वाटतं' हा डेटा नाही. यात कॉर्टिसॉल लिहिलंय ना? मग त्याचा आकडा हवा."

आकड्यावरून नैराश्याचं निदान होत नाही, असं डॉक्टरांनी फोनवर कळवलं. एका कर्मचाऱ्यासाठी अपवाद करता येणार नाही, असं कंपनीने उलट कळवलं आणि समानतेच्या तत्त्वानुसार सबंध मजल्याची लाळ तपासायला पाठवली.

अहवाल आला. मैत्रीचं कॉर्टिसॉल बरंच जास्त होतं. मात्र मजल्याची सरासरी तिच्याहून किंचित वर होती.

"म्हणजे तू नॉर्मल आहेस. अभिनंदन!" राजनंदिनी मॅम म्हणाल्या.

"पण प्रयोगशाळेने कमाल मर्यादा दिलीय. आपण जवळजवळ सगळेच तिच्या वर आहोत."

"ती मर्यादा सर्वसामान्य माणसांसाठी असते, मैत्री. आपण इथे सर्वसामान्य माणसं घेत नाही."

या सरासरीला 'बांधिलकी निर्देशांक' असं नाव मिळालं. पुण्याने बंगळुरूच्या शाखेला मागे टाकल्याचा फलक लिफ्टजवळ लागला. मर्यादेच्या आत फक्त अनिरुद्ध सापडला. त्याला लेखी खुलासा विचारण्यात आला. "मी योगा करतो," असं त्याने लिहून दिलं आणि पुन्हा करणार नाही, अशी हमीही दिली. पुढच्या तपासणीत त्याची प्रगती समाधानकारक होती.

मैत्रीच्या विसरण्याचा प्रश्न उरला. त्यासाठी सोमवारी स्मरणशक्तीची चाचणी ठेवण्यात आली. मैत्री चाचणीला जायला विसरली. शेरा पडला : 'कर्मचारी अनुपस्थित. सबब विस्मरण सिद्ध होत नाही.' पुढच्या सोमवारी ती वेळेवर हजर झाली.

"बघ, लक्षात राहिलं!" राजनंदिनी मॅमनी चाचणी तिथेच संपवली.

"आईने तीनदा फोन केला होता."

"तो उचलायचं लक्षात राहिलं ना?"

ती निघताना अनिरुद्धने सांगितलं की शुक्रवारी त्याच अमेरिकन ग्राहकापुढे सादरीकरण आहे आणि ते तिने एकटीने करायचं आहे. "बाउन्स बॅक करायची संधी आहे," तो म्हणाला. मैत्रीने त्या रात्री आईला फोन केला. शुक्रवारचं एकदा सांगितलं, थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं.

"सांगून दे न माय, कावीळ झाली म्हणून," आई, म्हणजे प्रेमलाबाई, म्हणाल्या. "तुझे बाबा सरकारी खात्यात होते तेव्हा त्यांच्या साहेबाला दर उन्हाळ्यात होत होती."

"आई, ते खोटं आहे."

"अन् खरं सांगून पाहिलं न तू?"

मैत्रीने सकाळी अनिरुद्धला कावीळ झाल्याचं कळवलं. दुपारी राजनंदिनी मॅमचा फोन आला, तोवर कोणता आजार सांगितला हे ती विसरली होती. ती टायफॉइड म्हणाली.

"एक मिनिट. अनिरुद्ध तर कावीळ म्हणाला."

नोकरी गेली, हे मैत्रीला कळून चुकलं. एवढं मात्र तिला नीट समजत होतं.

"टायफॉइड आणि कावीळ, दोन्ही? अगं, मग आधी बोलायचंस ना! सहा कसले, आठ आठवडे घे."

"रक्ताचा रिपोर्ट पाठवू का, मॅम?"

"वेडी आहेस का? अशा आजारात कोणी रिपोर्ट मागतं?"

सहकाऱ्यांनी फळांची करंडी पाठवली. नारायण पेठेतल्या घरमालकीण सुशीलाबाई उसाचा रस घेऊन वर आल्या.

"कावीळच आहे ना? बरं झालं. मला वाटलं, डोक्याचं काही असेल. खोली रिकामी करून घ्यावी लागली असती. रस घ्या, ग्लास खाली आणून द्या."

मैत्रीने उसाच्या रसाबरोबर नैराश्याची गोळी घेतली. झोप आली. आठवणी हळूहळू जागेवर लागू लागल्या. नोकरी शाबूत राहिली.

आठ आठवड्यांनी ती रुजू झाली, त्या दिवशी अनिरुद्धने तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. "तुझी ती कावीळ... कोणत्या डॉक्टरने बरी केली गं?" जेवणानंतर राजनंदिनी मॅमनी हाच प्रश्न जिन्यात विचारला. संध्याकाळी घरी परतल्यावर सुशीलाबाईंनी विचारला, त्यांच्या भाच्यासाठी.

ही हकीकत आम्ही चार ठिकाणी सांगितली, त्या चारही ठिकाणी शेवटी डॉक्टरांचा पत्ता विचारण्यात आला. म्हणून इथेच देतो. शनिवार पेठेत काविळीचे डॉक्टर बिडवे विचारावं, कोणीही दाखवील. नाव, गाव सांगायची गरज नाही. आपण शेजाऱ्यांसाठीच विचारत आहात, हे आम्ही गृहीत धरलं आहे.